झाकणापासून सुरुवात: रोजच्या वापराचा माल दिव्यांगांच्याही हातात बसेल असा कसा करायचा

लोणचं, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळपावडर. घरगुती उत्पादनांच्या कोणत्याही फडताळावर या चार बरण्या शेजारी शेजारी दिसतील. बरणी एकाच मापाची, झाकण एकाच रंगाचं, फरक काय तो कागदी लेबलात. डोळे मिटून हात लावला की चौघी सख्ख्या बहिणी. त्यातली एक उघडायला दोन्ही हातांचा जोर लागतो. उघडली की आत फॉइलचं सील, आणि त्याची कड नखात येत नाही. दिसत नसलेल्या माणसाला, एकच हात चालणाऱ्याला आणि संधिवाताने बोटं आखडलेल्या आजींना ही बरणी आपापल्या जागी अडवते.

पुण्यात आणि आसपास मसाले, लोणची, साबण, फिनाईल, छोटी भांडी बनवणाऱ्या लहान उत्पादकांसाठी हा लेख आहे. विकत आणलेल्या वस्तू घरच्या घरी सुधारण्याचा भाग शेवटाकडे आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: ‘दिव्यांगांसाठी खास’ अशी वेगळी बरणी काढू नका. ती महाग पडते, दुकानदार ठेवत नाही आणि वर्षभरात बंद होते. नेहमीचाच माल सुधारायचा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम ४३ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीला चालना देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. म्हातारपणी हात-डोळे थकलेले त्यात बहुतांशी धरलेलेच नाहीत. तुमचं गिऱ्हाईक यापेक्षा बरंच मोठं आहे.

आधी वस्तू स्वतः वापरून बघा, पाच टप्प्यांत

कागदावर पाच शब्द लिहा: ओळखणं, उघडणं, मोजून काढणं, बंद करणं, माहिती मिळवणं. आता तुमचं उत्पादन समोर घ्या आणि प्रत्येक टप्पा चार प्रकारे करून बघा: डोळे मिटून, फक्त डाव्या हाताने, तेलकट बोटांनी आणि कानात बोळे घालून. जिथे अडेल तिथे खूण करा. ही तालीम म्हणजे खरी चाचणी नव्हे. डोळे मिटलेला डोळस माणूस अंध माणसापेक्षा खूपच अडखळतो, त्यामुळे त्याचे निष्कर्ष हमखास चुकतात. ढोबळ चुका घरातच सापडाव्यात एवढ्यासाठी ती करायची.

बहुतेक मालात सर्वांत जास्त खुणा ‘उघडणं’पुढे पडतात. म्हणून आधी झाकण.

झाकण किती घट्ट आहे ते मोजा

‘जरा घट्ट आहे’ म्हटल्याने काही सुधारत नाही, आकडा हवा. त्यासाठी प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकवता काटा पुरतो.

१. बरण्या नेहमीच्या पद्धतीने भरून, बंद करून पंधरा दिवस ठेवा. त्याच दिवशी मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण आट्यांमध्ये अडकलेलं तेल, मीठ किंवा साखर सुकून चिकटायला वेळ लागतो.

२. बरणी शिकंजात धरा. मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर काच तडकेल.

३. झाकणाभोवती मजबूत सुतळीचे तीन-चार वेढे घ्या आणि सुरुवातीचं टोक टेपने पक्कं करा. वेढ्यांची दिशा अशी हवी की सुतळी ओढली की झाकण उघडण्याच्या बाजूला फिरेल.

४. मोकळ्या टोकाला काटा अडकवा आणि झाकणाच्या कडेला सरळ रेषेत, सावकाश ओढा. झाकण सुटतं त्या क्षणाचा आकडा डोळ्याने पकडता येत नाही, म्हणून मोबाईलवर काट्याचं चित्रीकरण करा.

५. किलोच्या आकड्याला ९.८ ने गुणा, मग झाकणाच्या त्रिज्येने (मीटरमध्ये) गुणा. ६० मिलिमीटरच्या झाकणाची त्रिज्या ०.०३ मीटर. काटा ४ किलो दाखवत असेल तर उत्तर साधारण १.२ न्यूटन-मीटर.

कामचलाऊ मर्यादा म्हणून १.२ च्या खाली राहा. दहा बरण्यांपैकी सगळ्यात घट्ट बरणीचा आकडा धरायचा, सरासरीचा नाही. गिऱ्हाइकाच्या घरी सरासरी बरणी जात नाही. सैल केलेलं झाकण गळतं का तेही बघा: बरण्या आडव्या करून, खाली टिपकागद घालून २४ तास ठेवा.

आता झाकण घट्ट का बसतं ते पाहू. हाताने बंद होणाऱ्या मालात पहिलं कारण म्हणजे बंद करणाऱ्या माणसाचा जोर. गळतीच्या तक्रारीच्या भीतीने तो ताकद लावून पिळतो. झाकणाच्या आतली गादी (गळती रोखणारी मऊ चकती) चांगली असेल तर त्या ताकदीची गरजच नसते. गळतीवर उपाय गादी बदलणं हा आहे, जास्त पिळणं नाही. दुसरं कारण माखलेले आटे. भरताना नरसाळ्याचं तोंड बरणीच्या गळ्यापेक्षा खाली जाईल असं घ्या आणि झाकण लावण्याआधी कोरड्या फडक्याने आटे पुसा. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

जॅम, चिंचेची चटणी असा गरम भरायचा माल असेल तर तिसरं कारण निर्वात पोकळी. गार होताना आतली वाफ आक्रसते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो असतो. ६३ मिलिमीटरच्या झाकणाचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटीमीटर होतं. आत अर्धी जरी पोकळी झाली तरी झाकणावर पंधरा किलोंचं ओझं बसलं. माल टिकण्यासाठी ती पोकळी लागतेच, तेव्हा ती घालवू नका. लेबलवर एक ओळ द्या: ‘झाकणाच्या कडेखाली चमच्याचं टोक घालून हलकंच उचला, टक् असा आवाज आला की फिरवा.’

झाकणाचा आकारही बघा. गुळगुळीत गोल झाकणाऐवजी कडेला उभ्या खोल धारा असलेलं झाकण घ्या. ३०-४० मिलिमीटरची छोटी झाकणं चिमटीत धरावी लागतात, आणि आखडलेल्या बोटांना नेमकी चिमटीच जमत नाही. पावशेराच्या बरणीला ६० ते ७० मिलिमीटरचं तोंड द्या, म्हणजे चमचाही सरळ आत जातो. आतल्या फॉइल सीलला अर्धचंद्राकृती उभी पट्टी असलेला प्रकार मिळतो, तोच मागवा. ‘कडेला जरा बाहेर आलेली’ पट्टी झाकणाखाली चेपून जाते आणि कामाची राहत नाही.

पाउचचं गणित निराळं. फाडायची खाच दोन्ही बाजूंना हवी, कारण ज्याचा उजवा हात चालत नाही तो डावीकडून फाडतो. नुसती खाच पाडून भागत नाही. साधी फिल्म तिरकी फाटत जाते आणि झिपच्या खाली उतरते, मग झिप असून नसल्यासारखी. सरळ फाटणारी फिल्म किंवा लेसरने आखलेली रेघ मागा. झिपच्या वरचे दोन ओठ समान उंचीचे नकोत. एक ओठ ५ मिलिमीटरने लांब ठेवला की बोटाला लगेच सापडतो. बंद होताना कट्-कट् वाजणारी झिप मिळाली तर उत्तमच. झिप लागली हे न बघता कळतं.

हाताला कळेल अशी खूण

जपानमध्ये १९९१ पासून शाम्पूच्या बाटलीच्या कडेला उंच धारा येऊ लागल्या. कंडिशनरला नाहीत. केस धुताना डोळे सगळ्यांचेच मिटलेले असतात, त्यामुळे ती खूण डोळसांच्याही कामी आली. तुमच्या मालातही असंच ठरवा: कोणत्या दोन वस्तू घरात शेजारी ठेवल्या जातात आणि त्यांची अदलाबदल झाली तर काय होईल? मीठ आणि साखर यांची झाली तर भाजी वाया. फिनाईल आणि सरबत यांची झाली तर दवाखाना. पाण्याच्या जुन्या बाटल्यांत फिनाईल भरून विकणं ही तर सरळ जीवघेणी सवय आहे, ती आधी बंद करा.

प्लॅस्टिकचं झाकण स्वतः पाडून घेत असाल तर भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये (साचे बनवणाऱ्या कारखान्यात) जाताना एक वाक्य लक्षात ठेवा: उंचवटा मागा, खाच मागू नका. झाकणावर उंचवटा हवा तर साच्यात खोदावं लागतं, आणि तयार साच्यातलं पोलाद खोदून काढणं हे तुलनेने स्वस्त काम आहे. झाकणावर खाच हवी तर साच्यात पोलाद वाढवावं लागतं, म्हणजे वेल्डिंग किंवा नवा इन्सर्ट (साच्यात बसवायचा सुटा तुकडा). खूण झाकणाच्या माथ्यावर घ्या, उंची ०.५ ते ०.८ मिलिमीटर. कडेला घ्यायची तर धारा उभ्याच हव्यात. आडवी धार साच्यातून सुटताना अडकते. ब्लो-मोल्डिंगच्या (साच्यात हवा फुंकून केलेल्या) बाटलीवर खूण साच्याच्या दोन भागांच्या जोडरेषेपासून दूर, अर्ध्या भागाच्या मध्यावर घ्या, नाहीतर बोट जोडरेषेलाच खूण समजतं.

आकार तीन-चारच ठेवा: एक रेघ, दोन रेघा, गोल, त्रिकोण. चौकोन आणि षटकोन यांतला फरक कागदावर छान दिसतो, बोटाला कळत नाही. आम्ल, फिनाईल, कीटकनाशक यांच्यासाठी त्रिकोण राखून ठेवा. धोक्याच्या मालावर १८ मिलिमीटर बाजूचा उंच समभुज त्रिकोण ही युरोपात रूढ असलेली, आयएसओ ११६८३ या मानकातली खूण आहे. तयार चिकटपट्टीच्या रूपातही ती मिळते. बाटली उभी असताना तळाजवळ लावतात, कारण उचलताना हात तिथेच जातो.

साचा स्वतःचा नसेल तर जाड यूव्ही वार्निशचा (अतिनील प्रकाशात सुकणाऱ्या रोगणाचा) उंचवटा लेबलवरच छापून घेता येतो. मात्र छपाईतला उंचवटा झिजतो. आपल्या नोटांचंच बघा: १०० च्या नोटेवर उंच त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेघा, ५०० च्या नोटेवर गोल आणि पाच रेघा. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात, खिशात मळलेल्या नोटेवर शोधाव्या लागतात. सहा महिने स्वयंपाकघरात राहणाऱ्या बरणीवर वार्निशच्या भरवशावर राहू नका. झाकणावरचा उंचवटा टिकतो.

ब्रेल: लावायचं तर नीट लावा

ब्रेल सगळ्यांना येत नाही. उतारवयात दृष्टी गेलेले बरेच जण ते शिकलेले नसतात, आणि मधुमेहाने बोटांची संवेदना गेली असेल तर ठिपके जाणवतही नाहीत. म्हणून आधी आकाराची खूण, मग ब्रेल. ज्यांना येतं त्यांना मात्र ‘हळद’ आणि ‘हिंग’ यांतला फरक बरणी न उघडता कळतो, आणि ही सोय आकारांनी होत नाही.

मराठीसाठी भारती ब्रेल (भारतीय भाषांसाठीचं ब्रेल) वापरायचं. एक घर म्हणजे सहा ठिपक्यांची जागा, डावीकडे वरून खाली १-२-३ आणि उजवीकडे ४-५-६. ‘हळद’ला तीनच घरं लागतात: ह (ठिपके १-२-५), ळ (४-५-६), द (१-४-५). अंतर्भूत ‘अ’ वेगळा लिहीत नाहीत. एका घरातल्या ठिपक्यांमध्ये २.५ मिलिमीटर, घरापासून घरापर्यंत ६, ओळीपासून ओळीपर्यंत १० मिलिमीटर. म्हणजे ‘हळद’ सुमारे १६ मिलिमीटरमध्ये बसते आणि पाच घरांची ‘मिरची’ २८ मध्ये. जागा नाही ही सबब इथे टिकत नाही. मात्र ‘हे मोठं दिसतंय’ म्हणून डिझायनरने ठिपके लहान केले की संपलं. ही मापं बोटाच्या टोकाची आहेत, ती फॉन्टसारखी कमीजास्त करता येत नाहीत.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर ब्रेल उठवायला पंचिंगवाल्याकडे नर-मादी डाय (उंचवटे आणि त्यांच्या जुळत्या खाचा असलेली ठशांची जोडी) करावी लागते. पुठ्ठ्यावर ठिपक्याची उंची ०.२ मिलिमीटरच्या आसपास मिळते. जास्त दाबलं तर कागदाचा धागा फाटून ठिपका फुटतो. इथे हमखास होणाऱ्या चुका अशा:

- ठिपके नुसते काळ्या शाईत सपाट छापणे. हसू नका, हे होतं.
- डाय बनवायची पारदर्शक फिल्म उलटी लागणे. आरशात ‘ह’चा ‘ज’ होतो.
- मजकूर चिकटवायच्या पट्टीखाली किंवा घडीवर येणे.
- मराठी नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहून त्याचं इंग्रजी ब्रेल करून घेणे.

डाय करण्याआधी नमुना ब्रेल वाचणाऱ्या माणसाच्या हातात द्या. कोरेगाव पार्कात मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे. आधी वेळ घेऊन, काम आणि मानधन स्पष्ट सांगून तिथे विचारता येतं. मजकूर वाचून दाखवू नका. ‘काय लिहिलंय?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

लेबल आणि क्यूआर

मोजमाप कायद्याने दिलेली अक्षरांची उंची ही किमान मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि उकार बारीक असतात. इंग्रजी ज्या आकारात वाचता येतं त्याच आकारात मराठी वाचता येत नाही. नाव, वजन, घटक, वापरण्याची शेवटची तारीख आणि इशारा यांची अक्षरं शिरोरेषेपासून खालपर्यंत किमान ३ मिलिमीटर घ्या. बाकीची स्तुती कमी करा, जागा आपोआप होते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर ४.५ ला १ पेक्षा कमी नको. ते मोजणारी फुकट साधनं इंटरनेटवर आहेत. केशरीवर पांढरं, सोनेरीवर पिवळं आणि मिरचीच्या फोटोवर लाल अक्षरं यात नापास होतात. चकचकीत लॅमिनेशनऐवजी मॅट घ्या, ट्यूबलाइटची तिरीप अक्षरांवर बसत नाही.

फरक फक्त रंगाने दाखवू नका. मांसाहाराची खूण आधी तपकिरी चौकटीत तपकिरी गोल होती, शाकाहाराची हिरव्या चौकटीत हिरवा गोल. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला दोन्ही सारख्याच. २०२० च्या खाद्य लेबलिंग नियमांत मांसाहारासाठी गोलाच्या जागी त्रिकोण आला. तुमच्या ‘तिखट’ आणि ‘मध्यम तिखट’ला हेच लावा: लाल आणि केशरी पट्टी ठेवा, पण सोबत तीन मिरच्या आणि दोन मिरच्याही काढा.

तारखेची आणखी एक अडचण. ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं छापणाऱ्या मशीनने पारदर्शक पाउचच्या सुरकुतलेल्या कडेवर छापलेली तारीख कोणालाच वाचता येत नाही. तिच्यासाठी ठरलेल्या जागी पांढरी सपाट चौकट ठेवा.

दृष्टिहीनांना माहिती मिळावी म्हणून खाद्यपदार्थांवर क्यूआर कोड द्यावा, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये सुचवलं. कोड किमान २० मिलिमीटरचा आणि भोवती कोरी जागा हवी. तो बोटाला सापडावा म्हणून त्याच्या चौकटीला उंच वार्निशची रेघ द्या. पुढच्या चुका कोड उघडल्यावर कळतात. कोड लेबलच्या फोटोवर नेत असेल तर मोबाईलमधलं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीनरीडर, काहीच वाचत नाही, तिथे खरा मजकूर हवा. पुण्यातल्या डीटीपीवाल्यांकडे अजूनही बराच मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो कागदावर मराठी दिसला तरी स्क्रीनरीडरला इंग्रजी अक्षरांचा काला म्हणून ऐकू येतो. युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात) बदलून, पुन्हा वाचून मगच पानावर टाका, कारण बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो. शिवाय छापील लेबलवरचा कोड सगळ्या मालाला एकच असेल तर त्यात तारीख येऊच शकत नाही. तारखेसाठी प्रत्येक बॅचला वेगळा कोड लागतो, तो तारखेच्याच मशीनवर छापून घ्या.

माप

‘झाकणातल्या रेघेपर्यंत घ्या’ ही सूचना अंध माणसाला निरुपयोगी आणि हात थरथरणाऱ्याला अवघड. झाकणाची क्षमताच एका वेळच्या मापाएवढी ठेवा, म्हणजे सूचना होते ‘काठोकाठ भरा’. पावडरीसाठी आत सपाट चमचा आणि तोंडावर आडवी पट्टी द्या. पट्टीवर चमचा निरपला की माप बरोबर.

आवाज करणाऱ्या वस्तू

मिक्सर, इंडक्शन शेगडी, टायमर जोडणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्वस्त पिझो बझर (बीप वाजवणारा छोटा भाग) साधारण ३-४ किलोहर्ट्झला किंचाळतो. वयाबरोबर पहिल्यांदा हेच उंच स्वर ऐकू येईनासे होतात. इशारा २.५ किलोहर्ट्झच्या खाली घ्या. चालू होताना चढता आवाज, बंद होताना उतरता. प्रत्येक आवाजासोबत दिवा हवाच, तोही नुसता रंग बदलणारा नको, लुकलुकणारा हवा. सपाट टच पॅनेलऐवजी दाबायची खरी बटणं दिलीत तर अर्धी अडचण तिथेच मिटते.

घरात आधीच असलेल्या वस्तू

कपाटाच्या दाराला लावायचे पारदर्शक सिलिकॉनचे ठिपके (८-१० मिलिमीटर रुंद, २-३ मिलिमीटर उंच) पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. शेगडीच्या टच पॅनेलवर ठिपका बटणावर लावू नका. बोटाचा स्पर्श पोहोचत नाही आणि शेगडी ऐकत नाही. बटणाच्या डावीकडे अर्धा सेंटीमीटर सोडून लावा. वॉशिंग मशीनच्या चकतीवर एक ठिपका ‘बंद’ला, एक रोजच्या धुण्याला. बारा ठिपके लावले की एकही सापडत नाही. लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. स्वयंपाकघरातल्या तेलकट थरावर ठिपका आठवडाभरही राहत नाही.

चमचा, सुरी, ब्रश यांची मूठ जाड करायला एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी घ्या. १२ सेंटीमीटरचा तुकडा कापा, आतलं भोक मुठीपेक्षा किंचित लहान असू द्या आणि साबणाच्या पाण्याने सरकवून बसवा. बाहेरची जाडी ३२ ते ४० मिलिमीटर झाली की आखडलेल्या हातालाही पकडता येते. उलथणं किंवा झाऱ्याला मात्र ही नळी वापरू नका. आचेजवळ ती वितळते, जळतेही. फोममध्ये तेल-पाणी मुरतं, म्हणून ताटातल्या चमच्यावरची नळी काढून धुता यायला हवी. डिंक लावू नका.

कुकरच्या झाकणावरचा आणि दांडीवरचा बाण बहुधा फक्त कोरलेला किंवा रंगवलेला असतो. दोन्ही दांड्यांच्या प्लॅस्टिकवर, झाकण बरोबर बसल्यावर समोरासमोर येतील असे एपॉक्सी पुटीचे दोन गोळे लावा. दोन्ही भाग समसमान मळून, लावून २४ तास सुकू द्या. धातूवर आणि रबराजवळ नको. शिट्ट्या ऐकू येत नसतील तर त्या मोजण्याऐवजी वेळ लावा: वाफ जोरात आली की आच मंद, आणि मोबाईलचा टायमर कंपनावर ठेवून खिशात. पदार्थागणिक मिनिटं एकदा लिहून ठेवली की काम झालं.

चाचणी

सुधारलेला नमुना पाच-सहा जणांना द्या आणि त्यांत विविधता ठेवा: पूर्ण अंध, कमी दिसणारे, एकच हात वापरणारे, संधिवात असलेले, कर्णबधिर. मानधन आणि रिक्षाचं भाडं द्या. जागा तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेली, स्वच्छतागृह व्हीलचेअर आत जाईल असं. कर्णबधिर व्यक्ती असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी आधीच ठरवा. सोबत आलेल्या नातेवाइकाशी न बोलता थेट त्या व्यक्तीशी बोला.

‘कसं वाटलं?’ विचारलं की सगळेच ‘छान’ म्हणतात. काम सांगा: ‘यातली मिरचीची बरणी शोधा, उघडा, दोन चमचे वाटीत घ्या, बंद करा, केव्हापर्यंत वापरायची ते सांगा.’ घड्याळ लावा, पण मध्ये मदत करू नका आणि सूचनाही देऊ नका. दात लावला, पदराने धरलं, बरणी मांड्यांत दाबली, असं काहीही दिसलं की लिहून घ्या. बरणी उघडली तरी तिथे तुमचं झाकण नापासच. एकच चूक दोघांकडून झाली तर तिसऱ्याची वाट बघत बसू नका, नमुना बदला आणि त्याच माणसांना पुन्हा बोलवा.

नवी झाकणं आली की सुतळी-काट्याची मोजणी पुन्हा करा. पुरवठादार न सांगता गादी बदलतो आणि १.२ चा आकडा गुपचूप दोनवर जातो.